बालमनातील भीती

व्हिएन्ना शहरातील पाच वर्षांचा एक मुलगा घराबाहेर पडण्यास धजेना. रस्त्यावरील घोडा आपणास चावेल, ही धास्ती त्याच्या मनात बसली होती. ‘छोटा हान्स’ या नावाने प्रसिद्ध असलेली ही हकिकत सिग्मंड फ्रॉइड यांनी १९०९ मध्ये प्रकाशित केली. मुलाशी बोलून टिपणे ठेवण्याचे काम त्याच्या वडिलांनी केले.

फ्रॉइड यांच्या मते या भीतीचे मूळ घोड्यात नव्हते. आईच्या ओढीतून वडिलांविषयी मत्सर आणि धाक निर्माण झाला. तो असह्य झाल्याने मनाने नकळत घोड्यावर लादला. कारण वडिलांना टाळता येत नाही, घोड्याला टाळता येते.

या उपपत्तीवर आक्षेपही घेण्यात आले. हान्सने गाडीचा घोडा कोसळताना पाहिला होता. भीतीचा उगम त्या प्रसंगात शोधावा, असे वोल्पी व रॅकमन यांनी १९६० मध्ये प्रतिपादन केले. तत्पूर्वी, १९२४ मध्ये, मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला भिणाऱ्या पीटरला आवडीचा खाऊ देत ससा टप्प्याटप्प्याने जवळ आणला आणि त्याची भीती घालविली.

कारणांविषयी मतभेद असले, तरी बालकाची भीती हे ढोंग नव्हे, हे या सर्वांनी गृहीत धरले आहे. म्हणून बागुलबुवाचा धाक घालणे वा ‘भित्रा’ म्हणून हिणविणे योग्य नव्हे. शिक्षकांनी व पालकांनी प्रथम मुलाचे म्हणणे शांतपणे ऐकून घ्यावे. हान्सच्या वडिलांनी तेच केले. १९२२ मध्ये एकोणीस वर्षांचा हान्स फ्रॉइड यांना भेटला, तेव्हा तो पूर्ण निरोगी होता.