जुन्या गाडीची वायरिंग: इसार देण्याआधी

चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, तर पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. अशा हवेत वावरलेली जुनी गाडी घेताना इंजिनाइतकीच वायरिंगही तपासायला हवी. उष्णतेने बॅटरीचं आयुष्य घटतं, ओलाव्याने जोडण्या गंजतात.

गाडी सुरू होईना, की पहिला सल्ला मिळतो तो बॅटरी बदलण्याचा. त्याआधी मल्टिमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीच्या चार्ज असलेल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसतात. इंजिन चालू असताना बहुतेक जुन्या गाड्यांत १३.८ ते १४.५. तेव्हाही आकडा १२च्या घरात राहिला, तर अल्टरनेटर, त्याचा पट्टा आणि जोडण्या बघा.

सगळ्यात जास्त छळतं ते अर्थिंग. बॅटरीचं ऋण टोक बॉडीला जोडलेलं असतं आणि करंट पत्र्यातूनच परततो. ती जागा गंजली की करंट भलतीच वाट धरतो: इंडिकेटर दिला, की मागचा दुसराच दिवा लुकलुकतो! मीटर व्होल्टवर ठेवून एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावा आणि स्टार्टर मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं, तर जोडणी खराब आहे. ती घासून, घट्ट आवळून पुन्हा मोजा. बरेचदा एवढ्यानेच काम होतं.

सीटखालचा गालिचा मात्र उचलून बघाच. वायरच्या जोडांत वाळलेला गाळ दिसला, तर गाडी पुरात बुडालेली असू शकते; ती घेऊ नका.