आवाज किती ठेवावा?

आमचे मामा वडगावात तीस वर्षे यंत्रमागावर होते. ते आमच्याकडे आले की संध्याकाळी गाण्यावरून ठरलेले भांडण होते. मामा आवाज वाढवतात, आजी तो कमी करायला लावते. जेवताना 'भात वाढू का?' म्हटले तर मामा आपला हात न्याहाळतात! आम्ही हसत असू. यंदा वर्गात कानाची रचना शिकलो आणि ते हसू ओसरले.

आतल्या कानात शंखासारखी वळलेली एक इवलीशी नळी असते. तिच्यात सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात. ध्वनीच्या लाटेने त्या डोलतात आणि मेंदूकडे संदेश जातो. सतत मोठ्या आवाजाने त्या मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. प्रथम बळी जातात त्या सेकंदाला चार हजार कंपनांच्या आसपासचा स्वर टिपणाऱ्या. बोलण्यातले स्वर, म्हणजे आ, ओ, ऊ, हे खालच्या पट्टीत असतात. स, श, त यांसारखी व्यंजने वरच्या. म्हणून मामांना आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही. भात, हात, सात त्यांना एकच!

मामांचे कान मागांनी नेले. आपले आपण हौसेने घालवू नयेत, एवढ्यासाठी हा लेख.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. कुजबुज साधारण ३०, नेहमीचे बोलणे ६०. पण ही मोजपट्टी फसवी आहे. दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. आवाज दुप्पट मोठा 'वाटायला' मात्र सुमारे १० डेसिबल वाढावे लागतात, आणि तोवर ऊर्जा दहापट झालेली असते. तेव्हा आपल्या कानालाच न्यायाधीश नेमण्यात अर्थ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढाला आठवड्यात ८० डेसिबलवर चाळीस तास ऐकणे चालते. ८३ वर वीस, ८६ वर दहाच. रोज दीड तास गाणी ऐकणाऱ्याने ८६ वर ठेवले तर आठवड्याचा शिधा तेवढ्यातच संपतो. मुलांसाठी मर्यादा आणखी खाली, ७५ ची आहे.

मग आपण आवाज वाढवतो का? एक तर स्वयंपाकघरात मिक्सर सुरू होतो. आपण बटण फिरवतो, मिक्सर थांबतो, बटण तिथेच राहते! दुसरे कारण अधिक गमतीचे आहे. हळू आवाजात आपला कान खर्जाला मंद होतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली हे मोजून दाखवले. त्यामुळे तबल्याचा बायाँ आणि तंबोऱ्याचा खर्ज हरवल्यासारखे वाटतात, आणि आपण सगळेच वाढवतो. त्याऐवजी 'बेस' थोडा वाढवावा. जुन्या अँप्लिफायरवरचे 'लाउडनेस' बटण याचसाठी असे.

शास्त्रीय संगीताची अडचण वेगळी. आपल्या जवळच्याच सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांचे गाणे लावा. आलाप हलका, म्हणून आपण आवाज वाढवून बसतो आणि मग द्रुत बंदिशीची लाट अंगावर येते. आवाज ठरवावा तो द्रुतात, आलापात नव्हे. हाताच्या अंतरावर बसलेल्याशी गाणे चालू असताना नेहमीच्या आवाजात बोलता आले, तर बेत जमला. ऐकून झाल्यावर कानात शीळ वाजली किंवा कापूस घातल्यासारखे वाटले, तर तो फार झाला होता. इअरफोन लावणाऱ्यांना ही बोलण्याची खूण लागू नाही. पण शेजाऱ्याला तुमचे गाणे ऐकू येत असेल तर जरा खाली आणा. रात्री दहानंतर शेजाऱ्यांचा विचार तर हवाच. २००० सालच्या नियमांनी वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल ठेवली आहे.

आमच्याकडचे भांडण आता थोडे मिटले आहे. मामांची खुर्ची स्पीकरशेजारी, आजीची दाराजवळ. कानाच्या डॉक्टरांकडे मामांची तपासणीही झाली. श्रवणयंत्र आल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी तक्रार केली: पंखा फार कुरकुरतो.