मद्रासच्या छिटापासून वेलचेरीच्या पगारापर्यंत

चेन्नईत वेलचेरीहून सुटलेली लोकल पेरुंगुडी, तरमणी घेत तिरुवान्मियूरला आली की टायडेल पार्क या आयटी संकुलाची भली मोठी इमारत दिसते. ४ जुलै २००० रोजी पंतप्रधान वाजपेयींनी तिचं उद्घाटन केलं आणि बघता बघता तलावाकाठचं, पाणथळ जमिनीचं वेलचेरी आयटीवाल्यांच्या बिऱ्हाडांनी भरून गेलं. हाच मार्ग पुढे सेंट जॉर्ज किल्ल्याजवळच्या फोर्ट स्टेशनपर्यंत जातो. "आमचं काम तिकडे चाललंय, कर लावा, दंड करा!" ही ओरड या किल्ल्याने ऐकली आणि टायडेल पार्कही ऐकतंय. मधे सव्वातीनशे वर्षं गेली. त्या तंट्यातल्या या काही चटकदार गोष्टी.

कापड नेसलं म्हणून दंड

ईस्ट इंडिया कंपनीने १६३९ मध्ये मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, बस्तान बसवलं ते कापडासाठी. फ्रान्सिस डे या कंपनीच्या माणसाला इथे उत्तम सुती माल स्वस्तात मिळेल याची खात्री होती. झालंही तसंच. कोरोमंडल किनाऱ्याच्या रंगीत छिटाने लंडनला वेड लावलं आणि तिथले लोकर-रेशमाचे विणकर हवालदिल झाले. १७०० मध्ये इंग्लंडने आशियातलं रंगवलेलं, छापलेलं कापड देशात वापरण्यासाठी आणायला बंदी घातली. तरी हौस थांबेना. १७१९ मध्ये लंडनच्या रस्त्यांवर विणकरांनी सुती कपडे घातलेल्या बायकांच्या अंगावरचे कपडे फाडले. मग १७२१ चा कायदा आला: असं कापड घालणाऱ्याला ५ पौंड दंड, विकणाऱ्याला २० पौंड.

गंमत अशी, की पहिल्या बंदीतून कोरं पांढरं कापड सुटलं होतं. ते आणून इंग्लंडमधल्या कारागिरांनी स्वतःच छपाई सुरू केली. लोकरीच्या विणकरासाठी केलेल्या बंदीच्या आडोशाला अखेर इंग्लंडचा सुती धंदाच वाढला.

गिरणगावाची मजुरी आणि मँचेस्टरचा कर

मराठी घरांना हा तंटा सगळ्यात जास्त झोंबला तो मुंबईत. १८९४ मध्ये हिंदुस्थान सरकारला पैशांची चणचण होती, म्हणून परदेशी कापडावर ५ टक्के आयात जकात बसली. लँकेशायरचे गिरणीमालक चिडले. त्यांची समजूत काढायला सरकारने देशी गिरण्यांच्या तलम सुतावरही ५ टक्के अबकारी कर लावला. १८९६ मध्ये हिशेब बदलला. आयात कापडावर साडेतीन टक्के आणि देशी गिरणीच्या कापडावरही साडेतीन टक्के! आपल्याच देशातल्या कामावर कर, आणि तो साता समुद्रापलीकडच्या नोकऱ्यांच्या रक्षणासाठी. लोकमान्य टिळकांनी त्याच वर्षी याविरुद्ध परदेशी कापडावर बहिष्काराची हाक दिली, ती बंगालच्या स्वदेशी चळवळीच्या जवळजवळ दहा वर्षं आधी.

खरी चुरस १९२५ ची. धंदा मंद आहे म्हणून मालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. सप्टेंबरात परळ-लालबागच्या गिरण्या बंद पडल्या आणि दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर गेले. मालक म्हणाले, अबकारी कर काढा, आम्ही कपात मागे घेऊ. ना. म. जोशी यांच्यासारखे पुढारी कामगारांच्या मदतीला उभे होते. डिसेंबरात सरकारने कर स्थगित केला, मजुरी पूर्ववत झाली. पुढच्या वर्षी कर कायमचा गेला. कर हटला आणि तो पैसा थेट मजुराच्या हातात पडला, असं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही. श्रेय त्या संपाचं आहे. नुसती करसवलत मालकाच्या तिजोरीतच थांबली असती.

मुंबईतला फोन

२००२ च्या सुमाराला अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात सरकारी अन्नमदत घेणारी गरीब माणसं मदतक्रमांक फिरवायची, तेव्हा फोन मुंबईत उचलला जायचा. तिथे गहजब झाला. ठेका बदलून काम कॅम्डन गावी परत नेलं, त्यासाठी राज्याने जादा पैसे मोजले. २००५ मध्ये सरकारी सेवाकंत्राटांचं काम अमेरिकेतच व्हावं असा कायदाही झाला. बेकारीने गांजलेल्या कॅम्डनला ते काम हवंच होतं, त्यात गैर काही नाही.

७९ आणि १२५

बंगळुरूत नोकरी निर्माण केली तर कमी कर आणि बफेलोत केली तर जास्त, ही ओबामांची २००९ ची तक्रार अनेकांना आठवत असेल. २०१० आणि २०१२ मध्ये काम बाहेर नेणाऱ्यांच्या वजावटी काढून घेणारी विधेयकं सिनेटमध्ये अडली. २ टक्क्यांचा एक कर मात्र खरोखर लागू झाला. जागतिक सरकारी खरेदी करारात नसलेल्या, म्हणजे भारतासारख्या, देशांतल्या ठेकेदारांना अमेरिकन सरकार पैसे देतं त्यावर तो आहे. कायद्याला नाव मात्र जेम्स झॅड्रोगा या न्यूयॉर्कच्या पोलिसाचं, कारण त्यातून ९/११ च्या बचावकार्यात आजारी पडलेल्यांच्या उपचारांसाठी पैसा उभा करायचा होता.

आता मोठा प्रस्ताव. सप्टेंबर २०२५ मध्ये ओहायोचे सिनेटर बर्नी मोरेनो यांनी 'हायर' विधेयक मांडलं. वेलचेरीहून रोज कामाला जाणाऱ्या एखाद्या मुलीच्या कंपनीने अमेरिकन ग्राहकाला १०० डॉलरचं बिल लावलं, असं धरा. सध्या हा खर्च नफ्यातून वजा होतो, २१ टक्के दराने २१ डॉलर कर वाचतो, म्हणजे खरा भार ७९. विधेयकात या रकमेवर २५ टक्के कर, शिवाय वजावट बंद. भार १२५! ७९ चे १२५ झाले तर ग्राहक पहिला प्रश्न विचारील तो दर कमी करण्याचा, आणि तो दर म्हणजे तिचा पगार.

उलट टोक, म्हणजे दंडाऐवजी सवलत: २०१६ च्या अखेरीस कॅरियर कंपनीचा कारखाना मेक्सिकोला जाऊ नये म्हणून इंडियाना राज्याने दहा वर्षांत ७० लाख डॉलरच्या सवलती देऊ केल्या. सुमारे ८०० नोकऱ्या वाचल्या. त्याच कारखान्यातली शेकडो माणसं पुढच्याच वर्षी घरी गेली.

श्रीपेरुंबुदूरच्या मुली

चेन्नईने स्वतः भोगलेली गोष्ट नोकियाची. करपरताव्याचं आश्वासन देऊन तमिळनाडूने ही कंपनी आणली आणि २००६ मध्ये श्रीपेरुंबुदूरच्या विशेष आर्थिक क्षेत्रात उत्पादन सुरू झालं. भरभराटीच्या काळात आठ हजारांच्या घरात कामगार होते, त्यात आसपासच्या गावांतल्या तरुण मुली बहुसंख्य. २०१३ मध्ये आयकर खात्याने बोट ठेवलं ते फिनलंडच्या मूळ कंपनीला सॉफ्टवेअरपोटी दिलेल्या पैशांवर: त्यावर टीडीएस कापलाच नाही. सप्टेंबरात मालमत्ता गोठवली. पुढच्या वर्षी राज्यानेही २,४०० कोटींची मागणी केली, निर्यात दाखवलेले फोन देशातच विकले असं म्हणत. कंपनीने दोन्ही आरोप नाकारले.

एप्रिल २०१४ मध्ये नोकियाचा फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टकडे गेला, पण वादात अडकलेला हा कारखाना त्या सौद्यातून बाहेर राहिला. साध्या फोनची मागणीही ओसरत होती. १ नोव्हेंबर २०१४ ला उत्पादन थांबलं. भारत आणि फिनलंड यांच्यात तडजोड झाली ती २०१८ मध्ये. पुढे त्याच जागेत चार्जर बनवणारी साल्कॉम्प आली. सरकारने कर मागणं चूक नव्हे. पण सवलत देताना आणि वसुली करताना करारावर दोनच सह्या होत्या, कंपनीची आणि सरकारची. नोकरी गमावलेल्या मुलीचं पुढे काय, याचं कलम त्यात हवं होतं. असं माझं ठाम मत आहे.

कोणत्या पगाराला किती सवलत?

आपल्याकडेही नोकरीला कराची जोड आहे. नवा कामगार घेणाऱ्याला त्याच्या पगाराच्या ३० टक्के जादा वजावट तीन वर्षं मिळते, पण महिना २५,००० पर्यंतच्या पगारालाच. ही मर्यादा २०१६ ची आहे. वरच्या टोकाला तमिळनाडूने २०२४ च्या अर्थसंकल्पात परदेशी कंपन्यांच्या जागतिक केंद्रांना महिना एक लाखावरच्या नोकऱ्यांसाठी पगाराचा वाटा जाहीर केला: पहिल्या वर्षी ३० टक्के, मग २०, मग १०. मधल्या पगारांसाठी केंद्र सरकारची ऑगस्ट २०२५ पासूनची योजना आहे, तीत मालकाला महिना जास्तीत जास्त ३,००० रुपये मिळतात.

वेलचेरीत भाड्याने राहून रात्रपाळी करणाऱ्या कितीतरी जणांचा पगार नेमका या मधल्या पट्ट्यात पडतो, आणि अमेरिकेचं २५ टक्क्यांचं विधेयक संमत झालं, तर पहिला फटकाही याच पट्ट्याला बसेल. २५,००० ची मर्यादा आधी वाढवायला हवी, आणि लाखावरच्या पगाराच्या अनुदानाचा काही भाग इकडे वळवायला हवा.