पिप अपग्रेड करताना अडलात? आधी परतीची वाट बांधा, मग एंटर दाबा



विक्रीच्या एक्सेल फाइली एकत्र करणं, उधारीची यादी काढणं, बिलांच्या पीडीएफ बनवणं ही कामं पायथनच्या छोट्या प्रोग्रामने कशी होतात, ते आपण व्हिडिओंमध्ये बघतो. प्रोग्राम पहिल्या दिवशी बहुतेकांचा चालतो. गोची होते ती चार-सहा महिन्यांनी. काळ्या खिडकीत एक ओळ येते की पिपची नवी आवृत्ती आली आहे. आपण हौसेने अपग्रेड करायला जातो, सोबत बाकीचंही अपग्रेड करून टाकतो, आणि कालपर्यंत धावणारा प्रोग्राम आज लाल अक्षरं दाखवायला लागतो.

आणि हे कधी घडतं? नेमकं १० तारखेला रात्री. दर महिन्याला जीएसटीआर-१ भरणाऱ्यांची शेवटची तारीख ११. तुमचं बिल वेळेत चढलं नाही तर तुमच्या व्यापारी ग्राहकाच्या जीएसटीआर-२बी मध्ये ते त्या महिन्यात दिसत नाही, आणि त्याचं इनपुट टॅक्स क्रेडिट लांबतं. मग त्याचा फोन येतो. तुमचा पायथन बिघडला होता, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं.

म्हणून आज एकच गोष्ट नीट समजून घेऊ: अपग्रेड अडलं तर नेमकं कुठे बघायचं, आणि बिनसलं तर मागे कसं यायचं.

एक सूचना आधीच: खालच्या कमांड वाचायला सोप्या जाव्यात म्हणून देवनागरीत लिहिल्या आहेत. कीबोर्डवर त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करायच्या. "-एम" म्हणजे एक आडवी रेघ आणि तिला चिकटून एम. "--अपग्रेड" म्हणजे दोन आडव्या रेघा आणि पुढे चिकटून अपग्रेड.

## अपग्रेड एक नाही, तीन आहेत

निम्मा गोंधळ इथेच होतो.

पायथन म्हणजे तुमचं दुकान. लायब्ररी म्हणजे दुकानातला माल: पँडाज, ओपनपायएक्सएल वगैरे. आणि पिप म्हणजे माल आणून देणारा टेम्पोवाला. तो पायपीआय नावाच्या मोठ्या गोदामातून माल उचलतो आणि तुमच्या दुकानात आणून लावतो.

टेम्पो नवा घेतला म्हणून मांडणीवरचा माल बदलत नाही. म्हणजे नुसतं पिप अपग्रेड केल्याने प्रोग्राम सहसा बिघडत नाही. माल बदलला, म्हणजे लायब्ररी अपग्रेड केली, तर बिघडू शकतो. आणि दुकानच बदललं, म्हणजे पायथन ३.११ वरून ३.१२ वर गेलात, तर नव्या दुकानाच्या मांडण्या रिकाम्या असतात! जुना माल आपोआप तिकडे जात नाही. "मॉड्यूल नॉट फाउंड" असा एरर येतो तेव्हा बऱ्याचदा हेच झालेलं असतं.

तेव्हा एंटर दाबण्याआधी स्वतःला विचारा, मी या तिघांतलं नक्की काय बदलतोय?

## नेहमीच्या अडचणी आणि त्यांचे उपाय

लाल अक्षरं दिसली की घाबरून खिडकी बंद करू नका. शेवटच्या दोन-तीन ओळी वाचा, कारण बहुतेक वेळा तिथेच असतं. आणि एक लक्षात ठेवा: "नोटिस" आणि "वॉर्निंग" म्हणजे सूचना, "एरर" म्हणजे काम थांबलं. नवी आवृत्ती आल्याची ओळ ही नुसती नोटिस आहे. ती आजच पाळली पाहिजे असं काही नाही.

१. विंडोजवर पिप स्वतःला अपग्रेड करत नाही.
तुम्ही सरळ "पिप इन्स्टॉल --अपग्रेड पिप" लिहिलं, तर पिपची फाइल चालू असतानाच ती बदलायची असते. चालू असलेली फाइल विंडोज बदलू देत नाही. गाडी धावत असताना चाक बदलण्यातला प्रकार! म्हणून कमांड पायथनच्या तोंडून द्यायची:

पायथन -एम पिप इन्स्टॉल --अपग्रेड पिप

ही सवय कायमची लावून घ्या. "पायथन -एम पिप" लिहिलं की कोणत्या पायथनसाठी काम चाललंय याचाही घोळ राहत नाही.

२. "पिप ही कमांड ओळखता येत नाही" असा संदेश.
पायथन इन्स्टॉल करताना पाथमध्ये जोडण्याची खूण राहून गेलेली असते. विंडोजवर "पायथन" ऐवजी "पीवाय" ही दोन अक्षरं वापरून बघा: पीवाय -एम पिप. आणि "पायथन" लिहिल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडत असेल, तर विंडोजच्या सेटिंगमध्ये ॲप एक्झिक्यूशन एलियासेस शोधा आणि तिथली पायथनची बटणं बंद करा.

३. अपग्रेड झालं म्हणतो, पण प्रोग्रामला जुनीच लायब्ररी दिसते.
संगणकावर दोन पायथन आहेत. माल एका दुकानात उतरला, गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात उभं! "पायथन -एम पिप --व्हर्जन" लिहा. पिप कोणत्या फोल्डरमध्ये आहे आणि कोणत्या पायथनचं आहे, ते एका ओळीत कळतं. विंडोजवर "पीवाय -०" लिहिलं की किती पायथन आहेत त्याची यादीच मिळते.

४. "ॲक्सेस इज डिनाइड".
आधी तुमचा प्रोग्राम, ज्युपिटर नोटबुक, व्हीएस कोड सगळं बंद करा. वापरात असलेली फाइल बदलता येत नाही. तरीही अडलं, तर पायथन सगळ्या युजरसाठी इन्स्टॉल केलेला असण्याची शक्यता आहे. लगेच ॲडमिनिस्ट्रेटर बनून धडाधड कमांड देऊ नका. खाली वेगळ्या खोलीचा उपाय सांगितलाय, तो करा.

५. अर्धवट अपग्रेडनंतर "इनव्हॅलिड डिस्ट्रिब्यूशन" अशी वॉर्निंग.
मध्येच लाइट गेली किंवा खिडकी बंद केली, की साइट-पॅकेजेस फोल्डरमध्ये नागमोडी रेघेने सुरू होणारं एखादं फोल्डर उरतं. वॉर्निंगमध्ये जागा दिलेली असते. तिथे जाऊन तेवढं एकच फोल्डर काढून टाका. आणि पिपच नाहीसं झालं असेल तर:

पायथन -एम एन्शुअरपिप --अपग्रेड

पायथनसोबत आलेली पिपची प्रत यातून परत बसते.

६. सर्टिफिकेट किंवा "टाइम आउट" चा एरर.
दुकानातल्या जुन्या संगणकावर आधी घड्याळ बघा. मदरबोर्डवरचा छोटा सेल संपला की तारीख काही वर्षं मागे जाते. तारीख चुकीची असली की सुरक्षित वेबसाइटची सर्टिफिकेटं खोटी ठरतात आणि पिप माल घ्यायला नकार देतं. घड्याळ बरोबर असेल आणि नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून हळू चालत असेल, तर कमांडच्या शेवटी "--टाइमआउट १००" जोडा. नाहीतर पिप १५ सेकंद वाट बघून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं आणि शेवटी सोडून देतं.

७. "मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ हवं" असा लांबलचक एरर.
तुमचा पायथन फार नवा आणि त्याच्यासाठी लायब्ररीची तयार बांधणी आलेली नाही, किंवा तुम्ही मागितलेली लायब्ररी फार जुनी. पिप मग कच्चा माल आणून तुमच्याच संगणकावर तो तयार करायला बघतं आणि त्याला हत्यारं सापडत नाहीत. काही जीबीचं सॉफ्टवेअर उतरवण्यापेक्षा एक पायरी जुना पायथन वापरणं सोपं.

लिनक्सवाल्यांसाठी: डेबियन १२ किंवा उबंटू २४.०४ वर "एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्न्मेंट" असा एरर आला तर तो बिघाड नाही. तिथे ऑपरेटिंग सिस्टीम स्वतःच्या कामासाठी तोच पायथन वापरते, म्हणून त्यात तुम्हाला हात घालू देत नाही. "--ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस" हा पर्याय इंटरनेटवर सर्रास सुचवला जातो. नावातच काय होणार ते लिहिलंय. त्याच्या वाटेला जाऊ नका.

## सगळं नीट झालं, तरी प्रोग्राम बंद?

हा सगळ्यात त्रासदायक प्रकार. पिप म्हणतं अपग्रेड यशस्वी, आणि प्रोग्राम चालत नाही. याची दोन खरी उदाहरणं बघा.

एक्सेल वाचणारी एक्सएलआरडी ही लायब्ररी. डिसेंबर २०२० मध्ये तिची २.० आवृत्ती आली आणि तिने नव्या पद्धतीच्या, म्हणजे एक्सएलएसएक्स फाइली वाचणंच बंद केलं. फक्त जुन्या एक्सएलएस ठेवल्या. ज्यांचे प्रोग्राम तिच्या भरवशावर होते, ते अपग्रेडनंतर ठप्प झाले. उपाय साधा होता, तिच्या जागी ओपनपायएक्सएल वापरणं. पण तो माहीत असायला हवा ना!

दुसरं उदाहरण पँडाजचं. महिन्याच्या याद्या एकाखाली एक जोडायला डेटाफ्रेमची "अपेंड" ही सोय पुष्कळ जण वापरायचे. आधी काही काळ वॉर्निंग येत राहिली. मग एप्रिल २०२३ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीत ती काढून टाकली. आता तिथे "कॉनकॅट" वापरावं लागतं.

दोन्हीकडे पिपने काम चोख केलं होतं. म्हणून आवृत्तीचा पहिला आकडा बदलताना दिसला, १ चा २ झाला, की सावध व्हा. मोठे बदल बहुतेक तिथेच होतात.

## परतीची वाट: चार पायऱ्या

पहिली: मालाची यादी लिहून ठेवा. अपग्रेडच्या आधी कमांड प्रॉम्प्टमध्ये:

पायथन -एम पिप फ्रीझ > जुनीयादी.टीएक्सटी

कोणती लायब्ररी, कोणती आवृत्ती, सगळं या फाइलीत उतरतं. ती स्वतःला ईमेल करून ठेवा.

दुसरी: नव्या प्रयोगाला वेगळी खोली द्या.

पायथन -एम व्हेन्व्ह नवीखोली
नवीखोली\स्क्रिप्ट्स\ॲक्टिव्हेट

व्हेन्व्हचं स्पेलिंग व्ही, ई, एन, व्ही. ओळीच्या सुरुवातीला कंसात खोलीचं नाव दिसलं की तुम्ही आत आहात. आता जे काही इन्स्टॉल कराल ते या फोल्डरपुरतंच राहील आणि चालता प्रोग्राम सुरक्षित राहील. पॉवरशेलमध्ये ॲक्टिव्हेट करताना "स्क्रिप्ट चालवायला मनाई" असा संदेश आला, तर साधा कमांड प्रॉम्प्ट उघडा, तिथे चालेल.

तिसरी: मागच्या महिन्याच्या फाइलवर चालवून बघा. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि तीच सगळ्यात महत्त्वाची. नव्या खोलीत लायब्ररी घ्या, "पायथन -एम पिप चेक" लिहून लायब्ररींचं एकमेकांशी पटतंय का ते बघा. मग ज्या महिन्याचं रिटर्न भरून झालंय, त्या महिन्याची फाइल प्रोग्रामला द्या. एकूण विक्री आणि कराचा आकडा भरलेल्या रिटर्नशी रुपया-पैशासह जुळला पाहिजे. एरर न येणं पुरेसं नाही. एरर न देता चुकीची बेरीज देणारा प्रोग्राम बंद पडलेल्या प्रोग्रामपेक्षा महाग पडतो.

चौथी: जुळलं नाही तर मागे या. नवी खोली, म्हणजे ते फोल्डर, काढून टाका. विषय संपला. आणि खोली न करता थेट अपग्रेड केलं असेल, पण पायथन तोच असेल, तर यादी कामाला येते:

पायथन -एम पिप इन्स्टॉल -आर जुनीयादी.टीएक्सटी

यादीत लिहिलेल्या आवृत्त्या परत बसतात. एकच लायब्ररी मागे न्यायची असेल तर नावाला चिकटून दोन बरोबरची चिन्हं आणि हवी ती आवृत्ती लिहा.

## मग अपग्रेड करायचंच नाही का?

करायचं. जुन्या आवृत्त्यांमधल्या सुरक्षेच्या त्रुटी नव्यात दुरुस्त होतात, आणि फार मागे राहिलं की पुढे यायची वाटच बंद होते. २०१८ मध्ये पायपीआयने जुन्या पद्धतीच्या सुरक्षित जोडण्या बंद केल्या. तेव्हा काही जुन्या संगणकांवरचं पिप गोदामापर्यंत पोहोचेना, त्यामुळे ते स्वतःलाही अपग्रेड करू शकेना! बसून राहिलेल्यांची ही गत होते.

पण दिवस तुम्ही ठरवायचा. २० तारखेपर्यंत जीएसटीआर-३बी चंही काम असतं. म्हणून महिन्याची रिटर्नं भरून झाल्यावरचा एक निवांत दिवस अपग्रेडसाठी ठेवा, तीन महिन्यांतून एकदा. आपण मालाचा साठा मोजतो तसंच हे.

आजचं काम: अपग्रेड अजिबात करू नका. फक्त दोन कमांड चालवा, "पायथन -एम पिप --व्हर्जन" आणि फ्रीझवाली. कोणता पायथन, कोणता माल, हे हिशेबाच्या वहीत तारखेसह लिहून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे. पुढच्या वेळी लाल अक्षरं आली, की शोधाशोध कुठून सुरू करायची ते त्या पानावर तयार असेल.