अकरास एक

सकाळी 7.30

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात शटर उघडायला हातमोजे लागतात ते दुपारी. सप्टेंबरच्या सकाळी नुसता घाम येतो. पहिला करक चहा समोरच्या मलबारी टपरीतून येतो, तोवर मी रॅम्पवरच्या गाडीखाली एक चक्कर मारून घेतो. रात्रीत कुठून काही गळलंय का, ते फरशीवरचे डाग सांगतात.

रॅम्पवर निसान 370झेड आहे. पुढं 3.7 लिटरचं सहा सिलिंडरांचं व्ही इंजिन, व्हीक्यू37व्हीएचआर. कंपनीतून 332 हॉर्सपॉवर, साडेसात हजारांपर्यंत फिरतं, आणि टर्बो नाही. कॉम्प्रेशन रेशो अकरास एक. हा आकडा लक्षात ठेवा, आजचा सगळा दिवस त्याच्याभोवती फिरणार आहे. दोन्ही बाजूंना एकेक टर्बो गेल्या आठवड्यातच टांगले. गाडीच्या मालकानं फोटो काढून मित्रांना पाठवले आणि त्याच्या लेखी काम संपलं. खरं तर टर्बो बसवणं हे या कामातलं सगळ्यात सोपं काम. बोल्ट आवळता येणारा कुणीही ते करेल.

परवानगीचा कागद फाईलला आहे का, ते मी आधी बघतो. इथं परवानगीशिवाय इंजिनात फेरफार केला तर दंड तर होतोच, गाडीही उचलून नेतात. कागद नसेल तर आम्ही बॉनेट उघडत नाही.

8.15

एक पोरगा दुसरी 370झेड घेऊन आला. त्यालाही दोन टर्बो हवेत, ईदच्या आत. म्हटलं, आधी कॉम्प्रेशन बघू.

इंजिन गरम करायचं, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढायचा, सहाही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, आणि एकेका भोकात गेज लावून स्टार्टर मारायचा. आकडा किती येतो याला मी फार महत्त्व देत नाही. सहाही सिलिंडर एकमेकांच्या जवळ हवेत. पाच जवळजवळ सारखे आले, चौथा खाली. मग चौथ्यात चमचाभर तेल ओतून पुन्हा मारलं. काटा सरळ वर गेला. तेलानं फट बुजली, म्हणजे फट रिंगांत आहे. तेल ओतूनही काटा हलला नसता तर व्हॉल्व्हवर किंवा हेड गॅस्केटवर संशय घेतला असता.

या इंजिनाची आणखी एक खोड आहे. टायमिंग कव्हरच्या मागं ऑइल गॅलरीला कागदी गॅस्केट असतं. ते फाटलं की गरम इंजिनाचं तेलाचं प्रेशर आयडलला पडतं. रस्त्यावर कुणाला कळत नाही. टर्बोला मात्र लगेच कळतं, कारण त्याचा दांडा तेलाच्या पातळ थरावरच तरंगत असतो. रॅम्पवरच्या गाडीला आम्ही आधी कव्हर उतरवून पत्र्याचं गॅस्केट घातलं, मगच टर्बोच्या पेट्या उघडल्या.

पोराला सांगितलं, आधी इंजिन बांधून घे. तो म्हणाला, दुसरा गॅरेजवाला आहे तसंच बसवून द्यायला तयार आहे. असेल. मी चावी परत दिली.

10.00

आता चेंबर. तेलाचं खालचं चेंबर काल उतरवलंय, आणि उस्ताद त्याला टर्बोच्या तेलाच्या परतीच्या वाटेसाठी बुशिंग लावतोय. उस्ताद गुजरांवाल्याचा. आर्गन मारण्यात त्याचा हात धरणारा या गल्लीत नाही. बरेच जण चेंबर गाडीवर असतानाच ड्रिलला ग्रीस फासून भोक पाडतात, आणि बुरादा ग्रीसला चिकटतो म्हणतात. सगळा चिकटत नाही. उरलेला बेअरिंगमध्ये सापडतो.

तेल टर्बोत जाताना प्रेशरनं जातं, म्हणून आत जाणारी नळी बारीक चालते. बाहेर पडताना त्याला प्रेशर नसतं. लाखाच्या वर आरपीएमनं फिरणाऱ्या दांड्याभोवतीनं आलेलं ते तेल निम्मं फेस असतं आणि नुसत्या वजनानं खाली उतरतं. म्हणून परतीची नळी जाड हवी, आखूड हवी, उतरती हवी, आणि तिला कुठंही पोट सुटता कामा नये. पोट सुटलं की तेल तुंबतं, सीलमधून सायलेन्सरमध्ये शिरतं आणि निळा धूर येतो. गिऱ्हाईक म्हणतं, टर्बो गेला. नवा टर्बो घालतात, तोही धूर काढतो.

या गाडीत टर्बो इतके खाली बसतात की त्यांचं खालचं तोंड आणि चेंबरमधली तेलाची पातळी यांत जेमतेम चार बोटांचा फरक आहे. त्यामुळं बुशिंग पातळीच्या वरच हवं. उस्तादनं खडूनं रेघ मारली होती. मी डिपस्टिकच्या वरच्या खुणेवरून पुन्हा मोजून ती बोटभर वर सरकवायला लावली. तो पंजाबीत काहीतरी पुटपुटला. वेल्डिंग झाल्यावर चेंबरमध्ये रॉकेल भरून खाली कोरा कागद ठेवला. जेवण होईपर्यंत कागद कोरा राहिला तर काम पास.

12.30

उन्हातल्या कामाला इथं 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन बंदी असते. आम्ही पत्र्याखाली, आम्हाला ती लागू नाही, पण पत्र्याला ते कुणी सांगितलेलं नाही. गॅरेजचा मालक शहाणा आहे, दोन तास सुट्टी देतो.

डब्यात खुबूस आणि वांग्याचं भरीत. भरीत सांगलीकडच्या पोरानं केलेलं. तो वर्षभरापूर्वी हेल्पर म्हणून आला आणि प्रश्न फार विचारतो.

"दादा, टर्बोनं एवढी ताकद वाढते तर कंपनीनंच का नाही बसवला?"

बसवला होता की. याच गाडीची थोरली बहीण, 300झेडएक्स, 1989 साली आली. बिनटर्बोच्या इंजिनाला कॉम्प्रेशन साडेदहास एक आणि दोन टर्बोंच्या इंजिनाला साडेआठास एक. तेच तीन लिटर, पण टर्बो द्यायचा म्हटल्यावर निसाननं पिस्टनच बदलले. आणि 370झेडच्या नंतरची झेड, 2022 ची, पुन्हा दोन टर्बोंची आहे. ती तीन लिटरची, 400 हॉर्सपॉवरची, 10.3 कॉम्प्रेशनची. पेट्रोल थेट सिलिंडरात उडतं आणि टर्बोमधली गरम हवा पाण्यानं गार होते. इंजिनच नव्यानं आखलं म्हणून एवढं कॉम्प्रेशन परवडलं.

आपल्याकडं टर्बो म्हटलं की ट्रक आठवतो. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात शिकलो तेव्हा टर्बो म्हणजे डिझेलचाच. डिझेलच्या सिलिंडरात आधी नुसती हवा दाबली जाते, इंधन शेवटी येतं. पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि पेट्रोल दोन्ही मिळून दाबली जातात. दाब आणि उष्णता हाताबाहेर गेली की प्लगची ठिणगी पोचायच्या आत कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेटतं. तेच नॉकिंग. अकरास एकला पिस्टन आधीच भरपूर दाबतोय. त्यात टर्बोनं हवा दाबून पाठवली की दुष्काळात तेरावा महिना.

1962 साली ओल्ड्समोबाइल जेटफायर आली, साडेतीन लिटरचं व्ही-आठ आणि टर्बो. कॉम्प्रेशन सव्वादहास एक ठेवलं आणि नॉकिंगवर इलाज म्हणून पाणी-मेथेनॉलचं मिश्रण इंजिनात फवारलं. त्याची वेगळी टाकी, ती मालकानं भरत राहायची. लोकांनी भरली नाही. आजही गिऱ्हाईकं तीच बाटली मागतात. मी ती लावतो, पण तिच्या भरवशावर ठिणगीचं टायमिंग ठेवत नाही.

"मग आपण पिस्टन न बदलता लावतोय ते?"

म्हणून अर्ध्या बारवर थांबतोय. सात पीएसआय. वातावरणाचा दाब एक बार, त्यावर अर्धा, म्हणजे इंजिनात दीडपट हवा. लोभ तिथंच आवरायचा.

3.00

कागद कोरा. चेंबर चढलं.

प्लग आम्ही एक पायरी थंड घातले. कंपनीच्या प्लगला गॅप 1.1 मिलिमीटर असतो, तो 0.7 केला, कारण दाट हवेत रुंद फट ओलांडताना ठिणगी विझते. मोठे इंजेक्टर आधीच बसलेत. क्रॅंककेसच्या हवेच्या नळीत एकेरी व्हॉल्व्ह घातला, नाहीतर बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, मागल्या दारानं क्रॅंककेसमध्ये शिरेल आणि डिपस्टिक वर उडेल.

मग इनटेकची सगळी तोंडं बंद करून हवेचं प्रेशर सोडलं आणि प्रत्येक क्लिपवर साबणाचं पाणी शिंपडलं. डाव्या इंटरकूलरच्या सांध्याला बुडबुडे आले. हेल्परनं क्लिप आवळली, तरी येतच राहिले. होज काढून बघितलं तर पाईपच्या काठाला वेल्डिंगचा बारीक मणी. कानसीनं तो घासला, बुडबुडे बंद.

5.30

पहिला स्टार्ट. इथं घाई करणाऱ्याला मी गाडीजवळ फिरकू देत नाही.

दोन्ही टर्बोंत वरून हातानं तेल ओतलं आणि चाक बोटानं फिरवलं. इंजेक्टरची वायर काढून नुसता स्टार्टर मारला, तेलाच्या प्रेशरचा काटा उठेपर्यंत. परतीच्या नळ्या अजून चेंबरला जोडल्या नव्हत्या, त्या प्लॅस्टिकच्या दोन बाटल्यांत सोडल्या होत्या. उजव्या बाटलीत तेल लगेच आलं. डावी कोरडी. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी फीडच्या नळीचं नट सैल केलं, हवा फुस्स करून निघाली आणि मागोमाग तेल. पुन्हा स्टार्टर मारला, डावी बाटलीही भरू लागली. मग नळ्या चेंबरला लावल्या आणि इंजेक्टर जोडले.

इंजिन लागलं आणि पहिली काही मिनिटं मॅनिफोल्डमधून धूर आला. बोटांचं तेल, ग्रीस, मार्करच्या खुणा जळत होत्या. तो पांढरट धूर. निळा नाही. गाडी रेस करायची नाही, नुसती आयडलला गरम होऊ द्यायची. पंखे दोनदा लागून बंद झाले, मग बंद केली, थंड होऊ दिली, मॅनिफोल्डचे नट पुन्हा आवळले. गरम-गार झाल्यावर ते सैल होतातच.

8.00

डायनो, म्हणजे चाकांवरची ताकद मोजायचं यंत्र, मागच्या खोलीत. रात्रीच जातो, कारण दिवसा 45 डिग्रीची हवा कॉम्प्रेसरमधून अर्ध्या बारनं दाबून निघाली की जवळजवळ शंभरची होते. इंटरकूलर ती खाली आणतो, पण बाहेरच्या हवेपेक्षा गार कधीच करू शकत नाही. रात्रीची हवा दहा डिग्रीनं कमी, तेवढीच सवलत.

टाकीत सुपर 98. बूस्ट कंट्रोलर बंद, फक्त वेस्टगेटच्या स्प्रिंगवर. गाडी पाचव्या गिअरमध्ये, तिथं गिअरबॉक्सचं प्रमाण एकास एक असतं. कानाला हेडफोन, इंजिनच्या अंगावर लावलेल्या माइकची वायर त्यात. पहिली ओढ पाच हजारांवर सोडली. हवा-पेट्रोलचं प्रमाण साडेअकरावर आहे का ते बघितलं. बिनटर्बोची गाडी तेराच्या आसपास चालते. इथं जादा पेट्रोल सिलिंडर गार ठेवायला लागतं.

पुढच्या ओढीत साडेपाच हजारांवर हेडफोनमध्ये टिकटिक आली, तव्यावर मोहरी तडतडावी तशी. पाय उचलला. टायमिंग दोन डिग्री मागं घेतलं, पुन्हा ओढ, आवाज गेला. आणखी एक डिग्री मागं घेतलं आणि तिथंच ठेवलं. ती डिग्री ऑगस्टमधल्या दुपारसाठी, चुकून भरलेल्या 95 पेट्रोलसाठी, आणि एसी लावून ट्रॅफिकमध्ये अर्धा तास तापल्यावर पाय दाबणाऱ्यासाठी. तिनं पाच-दहा घोडे कमी होतात. मला चालतात.

टर्बोच्या आधी चाकांवर पावणेतीनशेच्या आसपास मिळत होते. आता चारशेच्या जरा वर. मला आकड्यापेक्षा आलेखाचा आकार आवडला. तीन हजारांपासून ताकद सरळ चढते, मधे खड्डा नाही.

10.15

गाडीचा मालक भावाला घेऊन आला. आलेख बघितला, हसला आणि विचारलं, "भाई, दस पीएसआय?"

सांगितलं, होईल. इंजिन उतरवायचं, फोर्ज केलेले पिस्टन आणि रॉड घालायचे, कॉम्प्रेशन नवाच्या आसपास आणायचं, क्लच बदलायचा. खर्च आजच्यापेक्षा जास्त. तो गप्प झाला. मग जॉब कार्ड त्याच्या हातात दिलं: पहिले 500 किलोमीटर अर्ध्या थ्रॉटलच्या वर नाही, मग तेल बदल, पुढं दर 5000 ला, फक्त 98, आणि दाबून चालवल्यावर लगेच इंजिन बंद करायचं नाही.

कार्ड त्यानं खिशात घातलं आणि आलेखाची प्रिंट मागितली. डायनो उष्ण हवेसाठी करेक्शन लावून आकडा वाढवून दाखवतो. टर्बोच्या गाडीत बूस्ट वेस्टगेट ठरवतं, म्हणून ते करेक्शन मला फुगवटा वाटतं. मी बिनकरेक्शनची प्रिंट दिली. भावानं स्क्रीनकडं बोट दाखवलं, तिथं मोठा आकडा होता. थोडी घासाघीस झाली, शेवटी दोन्ही प्रिंट काढल्या. छोट्या आकड्याची माझ्या फाईलला लागली.