बेसला जागा लागते

घरच्या कॉम्प्युटरवर हिप-हॉपचे बीट बनवणारी मुलं आणि गाडीला नवी म्युझिक सिस्टिम बसवायला निघालेली मंडळी, या दोघांची तक्रार एकच असते: बेस येत नाही. उपायही दोघं एकच करतात. बीटवाला ८०८चा आवाज वर ढकलतो, गाडीवाला आणखी मोठा सबवूफर आणतो. आवाज वाढतो, पण हवा तो दणका येत नाही. येते ती घरघर, दारांची खडखड आणि तासाभराने डोकेदुखी. माझं म्हणणं असं, की बेस नुसता वाढवून मिळत नाही, त्याला जागा करून द्यावी लागते. ही जागा करण्याचं काम बीटमध्ये आणि गाडीत जवळपास सारखंच आहे, म्हणून दोन्ही गोष्टी एकत्र समजून घेऊ.

आज सगळे ज्याला नुसतं ‘८०८’ म्हणतात ते मुळात एक यंत्र. जपानच्या रोलँड कंपनीने १९८० मध्ये टीआर-८०८ नावाचं ड्रम मशीन बाजारात आणलं. त्याच सुमारास अमेरिकेत रॉजर लिन यांचं एलएम-१ आलं होतं. त्यात खऱ्या ड्रमचे रेकॉर्ड केलेले आवाज होते आणि किंमत पाच हजार डॉलरच्या घरात होती. ८०८ त्याच्या साधारण चौथाई किमतीत मिळायचं, कारण त्यात रेकॉर्डिंग नव्हतंच. प्रत्येक आवाज सर्किटमधून तयार व्हायचा. साहजिकच तो खऱ्या ड्रमसारखा वाजत नसे. वादकांना ते पटलं नाही आणि १९८३ मध्ये, जेमतेम बारा हजार यंत्रं बनल्यावर, रोलँडने ते बंद केलं. मग ती यंत्रं जुन्या बाजारात स्वस्तात येऊ लागली आणि ड्रमर ठेवण्याची ऐपत नसलेल्या पोरांच्या हाती लागली. १९८२च्या ‘प्लॅनेट रॉक’ या न्यूयॉर्कच्या रेकॉर्डने त्यांना वाट दाखवलेली होतीच.

८०८च्या बेस ड्रमला ‘डिके’ नावाची एक कळ होती. ती फिरवली की ठोका लांबायचा, इतका की तो ठोका न राहता सूर व्हायचा. साधारण ५० हर्ट्झचा, जवळजवळ शुद्ध सूर. मायामीच्या निर्मात्यांनी ऐंशीच्या दशकात याच लांब सुरावर एक अख्खा संगीतप्रकार उभा केला, मायामी बेस. ही गाणी वाजायची गाड्यांच्या डिकीतून, रस्त्यावर, खिडक्या उघड्या ठेवून. ह्यूस्टनमध्ये नव्वदच्या दशकात डीजे स्क्रू गाण्यांची गती उतरवून कॅसेट बनवत असे. गती उतरली की सूरही खाली जातो, आणि त्या कॅसेटही लोक गाडीतच ऐकत. हिप-हॉपचा बेस आणि गाडीची सिस्टिम एकमेकांच्या आधाराने वाढली, हे लक्षात घेतलं नाही तर पुढचं तांत्रिक बोलणं कोरडं वाटेल.

आता ते यंत्र फाइल होऊन लॅपटॉपमध्ये मावतं. बेल्जियमच्या इमेज-लाइनने १९९७ मध्ये फ्रूटीलूप्स काढलं. पुढे त्याचंच नाव एफएल स्टुडिओ झालं. अमेरिकेतल्या सोल्जा बॉय नावाच्या पोराने विशीच्या आत असताना त्यावर ‘क्रँक दॅट’ बनवलं आणि २००७ मध्ये ते तिकडच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. आपल्या पुण्याचा एमसी स्टॅनही आपल्या गाण्यांचं संगीत स्वतः करत पुढे आला. कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं यावर मुलं फार वेळ घालवतात. एफएल स्टुडिओ, एबलटन, रीपर, ॲपलवाल्यांसाठी गॅरेजबँड, पूर्ण फुकटातलं एलएमएमएस. कुठलंही एक घ्या आणि वर्षभर बदलू नका. १६ जीबी रॅमचा लॅपटॉप, २५ पट्ट्यांचा छोटा मिडी कीबोर्ड आणि बरे हेडफोन एवढं सुरुवातीला पुरतं. स्पीकर नंतर; का ते पुढे सांगतो.

एक बीट जवळून पाहू. टेम्पो १४० ठेवा. पडद्यावर सोळा चौकोन दिसतील, म्हणजे एक आवर्तन. हाय-हॅट एकाआड एक चौकोनात. स्नेअर नवव्या चौकोनात, एकदाच. त्यामुळे गाणं १४० असूनही ७०च्या संथ चालीने चालल्यासारखं वाटतं. पहिल्या चौकोनात ८०८. दुसरा सातव्यात टाका, तिसरा अकराव्यात. शेवटच्या दोन चौकोनांत हाय-हॅट दुप्पट-तिप्पट वेगाने फुटू द्या. हा झाला ट्रॅपचा सांगाडा, दहा मिनिटांचं काम.

खरं काम इथून पुढे. ८०८ हा सूर आहे, म्हणून तो पट्टीत मिळवावा लागतो. मेलडी पांढरी चारमध्ये असेल आणि ८०८ काळी तीनमध्ये वाजत असेल तर ऐकणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येणार नाही, पण गाणं मळमळल्यासारखं वाटेल. तबल्याची जोड लावताना आपण जी काळजी घेतो तीच इथे घ्यायची. आणि एका ८०८वरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची जी सोय सॉफ्टवेअरमध्ये असते, ती डग्ग्यावर मनगट दाबून ‘घे’ वर चढवण्याच्या फार जवळची आहे. आपल्याकडच्या मुलांनी ती सढळ हाताने वापरावी असं मला मनापासून वाटतं, कारण त्यांच्या कानाला ती आधीपासून ठाऊक आहे.

पट्टी निवडताना आणखी एक हिशोब करावा. सगळ्यात खालच्या सप्तकातली पांढरी एक म्हणजे सुमारे ३३ हर्ट्झ, पांढरी चार म्हणजे ४४, पांढरी सहा म्हणजे ५५. बहुतेक सबवूफर चाळीसच्या वर सुखात असतात, पस्तिसाच्या खाली दमतात. म्हणून ८०८चा मुख्य सूर पांढरी तीन ते पांढरी सहा यांच्या दरम्यान ठेवला तर तो सर्वांत भरीव वाजतो. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र यातलं काहीच ऐकू येत नाही. तिथे युक्ती अशी, की ८०८ला थोडं डिस्टॉर्शन द्यायचं. ४४ हर्ट्झच्या सुराला ८८, १३२, १७६ असे वरचे सूर फुटतात आणि ते ऐकून कान गाळलेला खालचा सूर आपसूक भरून घेतो.

आता जागा करण्याची गोष्ट. पियानो, पॅड, जुन्या गाण्यातून कापलेला तुकडा, या सगळ्यांच्या पोटात नकळत १००-१५० हर्ट्झच्या खालचा गाळ असतो. एकेकट्याने ऐकताना तो छान वाटतो. एकत्र आला की ८०८ बुडतो. प्रत्येक ट्रॅकवर हाय-पास फिल्टर लावून तो काढा. किक आणि ८०८ एकाच क्षणी येत असतील तर किकच्या क्षणभरासाठी ८०८ आपोआप दबेल अशी साइडचेन लावा. खालचा बेस दोन्ही कानांत सारखा, म्हणजे मोनो ठेवा. एवढं केल्यावर ८०८चा आवाज वाढवण्याऐवजी एक-दोन डेसिबल कमीच करावा लागतो, हे प्रत्येकाने एकदा स्वतः करून बघावं.

तरीही एक फसगत उरते, खोलीची. आपल्याकडची बरीच मुलं दहा बाय दहाच्या खोलीत काम करतात. समोरासमोरच्या दोन भिंतींत दहा फूट अंतर असेल तर ५६ हर्ट्झच्या आसपासची लाट त्यांच्यामध्ये अडकून बसते: भिंतीशी दणदणते आणि खोलीच्या मधोमध जवळजवळ नाहीशी होते. खोली चौरस असल्यामुळे लांबी-रुंदी दोन्हीकडून तेच घडतं. म्हणजे खोलीच्या मध्यावर बसून पांढरी सहामध्ये बीट बनवणाऱ्याला स्वतःच्या ८०८चा मूळ सूरच नीट ऐकू येत नाही. तो वाढवतो, आणखी वाढवतो. हेडफोनला खोली नसते, म्हणून सुरुवात त्यांनी करावी.

असं वाढवलेलं गाणं मग गाडीत वाजतं आणि काचा हादरतात, कारण गाडीचं गणित खोलीच्या उलटं आहे. ४४ हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळपास आठ मीटर. हॅचबॅकची आतली लांबी तीन मीटरच्या आसपास. लाट आत मावत नाही. साधारण साठ हर्ट्झच्या खाली गाडी एखाद्या बंद डब्यासारखी वागते, सबवूफरचा पडदा आतली सगळी हवा एकदम दाबतो आणि सोडतो, आणि सूर जितका खालचा तितका दाब वाढत जातो. खिडक्या-पत्र्यातून बराच दाब निसटतो, तरी फायदा मोठा उरतो. म्हणूनच छोट्या गाडीत डिकी भरून सबवूफर लावण्याची गरज नसते. सीटखाली बसणारा आठ इंची ॲक्टिव्ह सब किंवा बंद खोक्यातला एक दहा इंची, बहुतेकांना पुरून उरतो. डिकीत सामानाची जागाही राहते.

पैसे कुठे घालावेत यावर माझं मत ठाम आहे: आधी पुढची दारं. कंपनीचे कागदी स्पीकर काढून साडेसहा इंची कंपोनंट जोडी घ्या, ज्यात ट्वीटर वेगळा असतो आणि डॅशबोर्डच्या उंचीवर बसवता येतो. पण त्याआधी दाराच्या पत्र्याला आतून ब्यूटाइलची डॅम्पिंग शीट चिकटवून घ्या आणि पत्र्यातली मोठी भोकं बुजवून घ्या. उघड्या दारात स्पीकरच्या पुढची आणि मागची हवा एकमेकींना खाऊन टाकतात, बेस तिथेच मरतो. दुकानात लोक स्पीकरच्या ब्रँडवर घासाघीस करतात आणि दीड-दोन हजारांची शीट नको म्हणतात, याचं मला दर वेळी वाईट वाटतं. मागच्या स्पीकरवर खर्च करू नका.

खोक्यावर छापलेल्या वॅटकडे दुर्लक्ष करा. ‘१२०० वॅट’ हा क्षणिक उसळीचा आकडा. बघायचा तो आरएमएस. स्टिरिओवर ५० वॅट गुणिले चार लिहिलेलं असलं तरी सतत मिळणारी ताकद विसाच्या आतबाहेरच असते. म्हणून ॲम्प्लिफायर लागतो. डी वर्गाचा ५०० वॅट आरएमएसचा ॲम्प पूर्ण जोरात वाजला तर बॅटरीकडून ४५ अँपिअरच्या आसपास ओढतो. एवढा प्रवाह बारीक वायरीतून गेला तर ती तापते. चार गेजची खऱ्या तांब्याची वायर घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त वायर त्याच जाडीची दिसते, पण तेवढा प्रवाह पेलत नाही. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवाच. तो ॲम्पला वाचवण्यासाठी नाही, वायर कुठे घासून बॉडीला लागली तर गाडीला आग लागू नये म्हणून. यात तडजोड करणाऱ्या फिटरकडे काम देऊ नये. कंपनीच्या वायरी कापण्याऐवजी कपलर वापरायला सांगा, वॉरंटीचे वाद टळतात.

बहुतेक सिस्टिम बिघडतात त्या गेनच्या कळीमुळे. ती आवाजाची कळ समजून फिटर पूर्ण फिरवून देतात. गेनचं काम स्टिरिओ आणि ॲम्प यांची सांगड घालणं. बेस बूस्ट बंद करा, इक्वलायझर सपाट करा, सबवूफरच्या वायरी काढून ठेवा, स्टिरिओचा आवाज पाऊण भागावर न्या आणि ५० हर्ट्झचा टेस्ट टोन लावा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्पच्या टोकांना लावा. किती व्होल्ट हवेत? वॅट आणि ओहम यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. ३०० वॅट आणि चार ओहम असतील तर १२००चं वर्गमूळ, साडेचौतीस. गेन हळूहळू वाढवत त्या आकड्याशी थांबा. मग क्रॉसओव्हर: दारांच्या स्पीकरना ८० हर्ट्झच्या वरचं, सबला ८०च्या खालचं. बीटमध्ये पियानोला हाय-पास लावला तेच हे काम. ओझं उतरल्याबरोबर दारांचे स्पीकर मोकळे होतात आणि गायकाचा शब्द स्पष्ट येतो.

आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे डावा स्पीकर त्याच्यापासून अर्ध्या मीटरने तरी लांब असतो. त्याचा आवाज दीड मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि गायक उजव्या दारात बसल्यासारखा वाटतो. टाइम अलाइनमेंटची सोय असलेल्या स्टिरिओत उजव्या स्पीकरला तेवढा उशीर करायला लावला की गायक डॅशबोर्डच्या मध्यावर येऊन उभा राहतो. महागड्या स्पीकरपेक्षा या एका आकड्याने जास्त फरक पडतो.

शेवटची तपासणी इंजिन चालू ठेवून करावी, कारण इंजिन आणि टायरांचा आवाजही खालच्याच पट्टीत असतो. आधी ज्याचं मिक्स आवडतं असं एखादं गाणं लावा, मग लगेच आपलं बीट, आवाज तेवढाच ठेवून. गाडीबाहेर उतरून मागे जा. नंबर प्लेट वाजत असेल तर तिच्यामागे फोमची पट्टी लावा, मिक्सला दोष देऊ नका. आत बसून ऐकताना एखादाच सूर फुगतोय आणि बाकीचे बेताचे आहेत असं वाटलं तर तो कुठला ते लिहून घ्या आणि घरी जाऊन नेमक्या त्या सुराला दोन डेसिबल उतरवा. हे सगळं बोलण्याइतक्या आवाजात करा. हलक्या आवाजात कान खालचे सूर कमी पकडतो, त्यामुळे तिथे बेस जाणवला तर मोठ्या आवाजात तो नक्की आहे. १०० डेसिबलला कानाची सोसण्याची मर्यादा दिवसाला पंधरा मिनिटांची असते, आणि बंद गाडीत १०० गाठायला फार मोठी सिस्टिम लागत नाही.