नाडीचा ठेका चुकला तर...



विहिरीवरचे इंजिन ठेका चुकवू लागले, की आपण हातातले काम टाकून धावतो. घरातल्या बाईमाणसाने मात्र "छातीत धडधडतंय" म्हटले, तर "दगदग झाली असेल, पड जरा" एवढ्यावर भागवतो. त्याविषयी दोन शब्द.

हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरू लागले, की नाडी वेडीवाकडी पडते. डॉक्टर याला 'एट्रियल फिब्रिलेशन' म्हणतात. पाटात पाणी तुंबले की शेवाळ धरते, तसे त्या कप्प्यात रक्त रेंगाळून गुठळी होते. ती सुटून मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकली, की लकवा! अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅमच्या १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अशा माणसांना लकव्याचा धोका सुमारे पाचपट आढळला.

मग हा धोका बाईला जास्त की पुरुषाला? २०१० पासून डॉक्टर पुढीलप्रमाणे गुण मांडून धोका ठरवू लागले. हृदय कमजोर असणे, रक्तदाब, मधुमेह, रक्तवाहिन्यांचा आजार, यांचा प्रत्येकी १ गुण. वय ६५ ते ७४ असेल तर १, पंचाहत्तरीपुढे २. पूर्वी लकवा झाला असेल तर २. आणि स्त्री असेल तर आणखी १.

पुढे दिसून आले, की दुसरे कोणतेच कारण नसेल तर निव्वळ स्त्री म्हणून धोका फारसा वाढत नाही; तो उतारवयात आणि इतर आजारांच्या जोडीने वाढतो. फिनलंडमध्ये २००७ साली स्त्रियांत लकव्याचे प्रमाण जास्त होते, २०१८ पर्यंत तो फरक जवळजवळ उरला नाही. म्हणून २०२४ साली युरोपच्या हृदयतज्ज्ञांनी तो एक गुण काढून टाकला. आता दोन वा अधिक गुण भरले, की बाई असो वा बाप्या, रक्त गोठू न देणारे औषध द्यावे अशी त्यांची शिफारस आहे.

याचा अर्थ बायकांनी निर्धास्त राहावे असा नव्हे. नाडी अशी चुकत असलेल्या, सत्तरीच्या, रक्तदाबवाल्या आजीचे दोन गुण भरलेच की!

दुसरे असे, की लहानपणीच्या सांधेतापाने हृदयाची झडप अरुंद होते. हा आजार आपल्या देशात अजून आहे आणि बायकांत जास्त आढळतो. अशा झडपेसोबत नाडी चुकत असेल, तर हे गुण मोजत बसायचे नाहीत, औषध लागतेच. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा रुग्णांना नव्या गोळीपेक्षा जुनी वॉरफेरिनच सरस ठरली. तिच्यासाठी 'आयएनआर' ही रक्ततपासणी वेळच्या वेळी करावी लागते. दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल, तर डॉक्टरांना लगेच सांगावे. आपल्या मनाने गोळी बंद करू नये आणि तिच्याऐवजी ॲस्पिरिनवर भागवू नये.

तेव्हा आजच घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मनगटावर बोटे ठेवून मिनिटभर नाडी पाहा. ठेका चुकतोय वाटले, तर ईसीजी काढून घ्या. अचानक तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर मालिश, झाडपाला करीत न बसता १०८ ला फोन करा. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.

उसाच्या लागणीची तारीख आपल्याला तोंडपाठ असते. घरच्या लक्ष्मीची नाडी मात्र आपण कधी पाहिली, हे ज्याने त्याने आठवून बघावे.